त्या वर्षीच्या चिठ्ठ्या

होणार होणार म्हणता म्हणता जनगणनेचं एकदाचं ठरलं. २०११ नंतर २०२१ ला व्हायची ती करोनात राहिली, आणि आता १ मार्च २०२७ ही तारीख धरून माणसं मोजायची आहेत. म्हणजे दहा वर्षांनी यायची ती सोळा वर्षांनी. आमची सून प्राथमिक शाळेत शिकवते. ती म्हणाली, "आई, या वेळी सगळं मोबाइलवर भरायचंय, कागद नाहीच." मी म्हटलं, "आम्ही माणशी एक चिठ्ठी भरायचो." तिला वाटलं, मी गंमत करतेय.

गंमत नाही हो. १९९१ च्या जनगणनेत घरटी एक अनुसूची आणि माणशी एक चिठ्ठी असायची. मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी, आणि १ मार्चचा सूर्योदय हा हिशेबाचा क्षण. त्यानंतर घरोघर पुन्हा एक फेरी, कोण जन्मलं, कोण गेलं ते बघायला. मी ती मोजणी वेल्हे तालुक्यात केली. आता त्या तालुक्याला राजगड तालुका म्हणतात. नाव छानच आहे, त्यात २०२५ च्या जुलैत राजगड युनेस्कोच्या यादीतही गेला, पण माझ्या तोंडात वेल्हंच बसलंय. या वयात जीभ काही बदलीचा आदेश मानत नाही.

तर चिठ्ठ्यांवरून मला ते अख्खं वर्षच आठवलं. जून १९९० ते जून १९९१. आमच्या संसारात वर्षं पुष्कळ धावपळीची गेली, पण त्या वर्षाइतकं दमवणारं दुसरं नाही.

जूनमध्ये माझी बदली झाली. तोवर मी भोरच्या आसपासच्या गावांतच होते, सकाळी डबा घेऊन जायचं, संध्याकाळी घरी. आता शाळा मिळाली वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या रस्त्याला. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. भोरहून तिथे जायचं म्हणजे आधी पुण्याच्या गाडीने चेलाडी फाट्यापर्यंत, तिथे उतरून वेल्ह्याच्या गाडीची वाट बघायची, नसरापूर, मार्गासनी, विंझर करत वेल्हं, आणि पुढे मिळेल ते. रोज येऊन-जाऊन करणं शक्यच नव्हतं. आमचे हे एसटीत कंडक्टर, भोर डेपोला. घरी सासूबाई, दहावीतली लेक आणि तिसरीतला मुलगा.

मग घराची वाटणी झाली. मुलाला घेऊन मी शाळेच्या गावात एक खोली भाड्याने घेतली. लेक, सासूबाई आणि हे भोरला. शनिवारी सकाळची शाळा, ती सुटली की मी गाडी पकडायची आणि सोमवारी पहाटे पुन्हा निघायचं. मुलगा माझ्याच वर्गात. शाळेत मला "बाई" म्हणायचा आणि घरी "आई". एकदा रात्री झोपेत म्हणाला, "बाई, पाणी द्या." मी दिलं, काय करणार!

वेल्ह्याचा पाऊस ज्याने पाहिला नाही त्याला सांगून समजायचा नाही. जून सरता सरता तोरणा ढगात जातो तो सप्टेंबरपर्यंत नीट दिसत नाही. चुलीशेजारी दोरी बांधून कपडे वाळवायचे, त्यांना धुराचा वास. स्टोव्हची काकड भिजलेली. आवणी सुरू झाली की वर्ग निम्मे रिकामे, कारण पोरं इरलं घेऊन आईबापाबरोबर खाचरात. मी सुरुवातीला रागवायचे. मग एका आजीने मला सुनावलं, "बाई, पाटीवरचं उद्या बी राहील, चिखल उद्या राहत न्हाई." यावर काय बोलणार? आवणी होईतो मी दुपारनंतरचा अभ्यास हलका केला.

घरी निरोप कसा पाठवायचा, हा मोठा प्रश्न होता. फोन आमच्या आळीत एका वाण्याकडे, आणि माझ्या गावात नाहीच. पण घरात कंडक्टर असल्याचा फायदा कधी नव्हे तो त्या वर्षी झाला. लेक चिठ्ठी लिहायची, हे ती तिकिटांच्या ट्रेखाली ठेवायचे, चेलाडीला वेल्ह्याच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचे आणि तो ती आमच्या फाट्यावरच्या दुकानात टाकायचा. यांची ड्युटी पुण्याच्या गाडीवर नसली, महाडला वरंधा घाटात किंवा खेड्यात मुक्कामी असली, तर दुसऱ्या कुणाच्या हाती. एक चिठ्ठी तीन-तीन ट्रे बदलून यायची. वाटेत हरवली अशी एकही नाही. त्या सगळ्या माणसांचे आभार मानायचे राहिलेत, पण त्यातले निम्मे आता आहेत कुठे!

त्या चिठ्ठ्या मी ट्रंकेत ठेवल्यात. वहीच्या पानाचे चतकोर तुकडे. नमुना सांगते. "आई, गव्हाचं पीठ संपत आलं. आजीने आज खोबऱ्याची वडी मागितली. भूमितीतला वर्तुळाचा प्रमेय कळला नाही, पण पाठ केला. बाबा आज मुक्कामी. शेजारच्या काकू झोपायला येणार आहेत." एवढंच. मी मागल्या बाजूला उत्तर लिहायचे, "प्रमेय पाठ करू नकोस, आकृती तीनदा काढ. पीठ शनिवारी दळू." मास्तरणीची आई, दुसरं काय लिहिणार?

सप्टेंबरात, नवरात्रात, सासूबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला नेलं, ऑपरेशन झालं, पंधरा-वीस दिवस तिथे आणि मग भोरला घरी, पण अंथरुणावर. मी होती नव्हती ती रजा त्यात घातली. दिवाळीची सुट्टी आली तीही तिकडेच गेली. त्या वर्षी आमच्याकडे फराळ म्हणून झाला तो शेजाऱ्यांच्या ताटातलाच.

सुट्टी संपली तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. सासूबाईंना उठवायचं, बसवायचं, भांडं द्यायचं, अंग पुसायचं. हे कोण करणार? यांचा धाकटा भाऊ मुंबईला, त्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत आधीच पाच माणसं. नणंद येऊन पंधरा दिवस राहिली, पण तिचंही भाताचं सुगीचं घर. मी बिनपगारी रजा घ्यायची म्हटलं तर घराचं कर्ज. यांनी ड्युटी बदलून मागितली. काही दिवस मिळाली, काही दिवस नाही.

लेकीनेच ठरवलं. पहाटे उठून ती आजीचं सगळं आटपायची, पोळ्या लाटायची, मग शाळा. दुपारी शेजारच्या काकू बघायच्या. संध्याकाळी पुन्हा ती. आणि अभ्यास? अभ्यास आजीच्या उशाशी, मोठ्याने. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. पण इतिहासाचा धडा चौथ्यांदा वाचला जाऊ लागला की त्या पुढचं वाक्य आधीच म्हणायच्या. एकदा मी शनिवारी घरी पोचले तर दारातच ऐकू आलं, "आगं, त्ये मघाशी वाचलंस, त्येचं साल चुकलं तुझं." आणि खरंच चुकलं होतं!

याच सुमारास एक स्थळ आलं. शिरवळकडचं, माणसं चांगली, जमीन कालव्याखालची. मुलगा कारखान्यात. दहावीनंतर लगेच करून देता का, असं विचारणं होतं. आमच्या नात्यात तेव्हा हे काही जगावेगळं नव्हतं. तिच्या वर्गातल्या किती मुलींची लग्नं त्याच मे महिन्यात झाली! कायद्याने मुलीला अठरा वर्षं लागायची तेव्हाही, पण कायदा भोरच्या कचेरीत होता आणि लग्नं मांडवात.

सासूबाईंना हे स्थळ फार मनातून हवं होतं. "माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे" एवढंच त्यांचं म्हणणं. ज्या पोरीने त्यांचं सगळं केलं तिलाच त्या घालवायला निघाल्या होत्या असं कुणी म्हणेल, पण तसं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने तिला चांगलं घर मिळणं हीच तिच्या सेवेची परतफेड होती. आपण जाणार, मग हिला इतकं चांगलं स्थळ कोण बघणार, ही त्यांची काळजी. मला ती काळजी कळत होती आणि तरी माझं उत्तर नाही असंच होतं. मी स्वतः लग्नानंतर, मुलगी कडेवर असताना, बाहेरून परीक्षा देऊन मराठीतून बी.ए. केलं. रात्री कंदिलाशी बसून. लेकीच्या वाट्याला ते यायला नको होतं.

पण सासूबाईंना नाही म्हणायचं कुणी? यांनी म्हटलं. आमचे हे मितभाषी. गाडीत दिवसभर बोलून घसा बसायचा म्हणून असेल, घरी फार बोलायचे नाहीत. त्या रात्री आईच्या खाटेशी बसले आणि म्हणाले, "आये, ती शिकंल. तुला राग आला तर मला शिव्या दे, पन पाव्हन्यांना मी नाही कळिवलंय." झालं. सासूबाई आठ दिवस आमच्या दोघांशी बोलल्या नाहीत. नातीशी मात्र बोलायच्या, तिला धडेही वाचायला सांगायच्या.

हे असं सगळं चालू असताना फेब्रुवारीत जनगणना आली.

माझ्याकडे गाव आणि वरच्या दोन वाड्या. शाळा करून दुपारनंतर चढायचं. मुलगा बरोबर, त्याच्याकडे शाईचा पॅड आणि पाण्याची बाटली. फेब्रुवारीत तिकडची हवा फार छान. राब भाजायची तयारी चालू, डोंगरात कुठे कुठे धूर. घरात बाया, म्हातारी माणसं आणि पोरं. पुरुष बहुतेक मुंबईला. आता नियम असा की मोजणीच्या त्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही त्याला इथे धरायचं नाही, तो असेल तिथे मोजला जाईल. म्हणजे कुटुंबप्रमुख म्हणून बाईचं नाव लिहायची वेळ घरोघर आली. आणि बाया काही केल्या ऐकेनात. "माझं नाव पयलं नका लिवू, धनी रागं भरतील." एकीने तर मला उपाय सुचवला, वरच्या ओळीत देवाचं नाव लिहा आणि खाली माझं! नवऱ्याचं नाव विचारलं तरी पदराआड हसायच्या. मग पोराला हाक मारायची, "सांग रे तुझ्या बाचं नाव बाईंना."

पण खरी परीक्षा होती कामाच्या प्रश्नाची. गेल्या वर्षी काही काम केलंत का, हा तो प्रश्न. पूर्वीच्या जनगणनांमध्ये बायकांचं काम निम्मंशिम्मं सुटून जायचं, म्हणून त्या वर्षी प्रश्नातच घातलं होतं की घरच्या शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामही धरायचं. वर्षातले १८३ दिवस किंवा जास्त काम केलं तर मुख्य काम करणारी, कमी केलं तर सीमांतिक. प्रशिक्षणात आम्हाला हे चांगलं घोकून घेतलं होतं.

मी विचारलं, "गेल्या साली काही काम केलंत?"

"न्हाई वो बाई, मी घरीच अस्ते."

"आवणी कुणी केली?"

"मीच की."

"बेणणी?"

"मीच."

"कापणी, झोडणी?"

"मी आन् ही पोर. दुसरं कोन हाय हितं?"

"मग काम नाही म्हणता?"

"ते व्हय! त्येला काय काम म्हनायचं!"

असं घरोघर. मी एकेका बाईपाशी वर्ष मोजत बसायचे. राब भाजणी, नांगरट, पेर, चिखलणी, आवणी, बेणणी, कापणी, झोडणी. मग गुरं, मग शेण, मग लाकडं. शेतीचे आणि गुरांचे दिवस मोजले जायचे. लाकूडफाटा, पाणी, दळण, स्वयंपाक, पोरं, म्हातारी माणसं हे नाही. ते "घरकाम", आणि घरकाम हे काम न करणाऱ्यांच्या यादीत. त्या यादीत तेव्हा घरकाम करणारी, विद्यार्थी, अवलंबून, निवृत्त, भिकारी अशी सगळी एकाखाली एक होती. नियम तो नियम. मी तो पाळला, चिठ्ठ्या नियमाप्रमाणेच भरल्या. पण वाडीवरून उतरताना डोक्यात तेच घोळायचं, कारण शनिवारी घरी जाऊन मी काय बघणार होते ते मला माहीत होतं.

आमच्या भोरच्या घरी मोजणीला आले ते ओळखीचेच एक गुरुजी. मी रविवारची घरी होते. यांचं झालं, माझं झालं, मुलाचं झालं. सासूबाईंना विचारलं, काय काम करता? त्या खाटेवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. गुरुजींनी माझ्याकडे बघून हळूच म्हटलं, "अवलंबून लिहू ना?" सासूबाईंचे कान तिखट. "काय लिवतोय? अवलंबून म्हंजी?" गुरुजींनी समजावलं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्या तांदळातलं खडं काय तुझी आये काडती व्हय रं?" गुरुजी आमच्या घरचा चहा प्यालेले, त्यांनी मान खाली घालून घरकाम लिहिलं. सासूबाईंचं समाधान झालं. कुठल्या यादीत बसवलंय ते काही मी त्यांना सांगितलं नाही.

लेकीच्या चिठ्ठीत "विद्यार्थी". ते बरोबरच होतं. तिचं लक्ष नव्हतं, ती आत पाणी तापवत होती.

अलीकडे सरकार दुसरी एक पाहणी करतं, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. २०१९ ला झाली, मग २०२४ ला. घरातल्या बिनपगारी कामात बायकांचे दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांचे ८८, असं २०२४ च्या पाहणीत निघालं. पेपरात वाचलं तेव्हा मी लेकीला फोन केला. ती आता पन्नाशीची, बँकेत आहे, पुण्यात. म्हणाली, "दहावीच्या वर्षी माझी किती असतील ग?" आम्ही फोनवरच हिशेब केला. पहाटे दोन तास, संध्याकाळी तीन-साडेतीन. तीनशेच्या वर गेली. मग ती हसली आणि म्हणाली, "पण आई, त्या वर्षी किल्ली माझ्याकडे होती. किराण्याचे पैसे माझ्याकडे. तू परत आलीस तेव्हा मला जरा रागच आला होता." मला हे आजवर माहीत नव्हतं! मी इतकी वर्षं त्या वर्षाकडे बघताना तिची दमलेली पाठ तेवढी बघत होते. तरी तिचं म्हणणं मी सगळंच्या सगळं धरत नाही. पहाटेची वेळ, थंडी, आणि आजीचं भांडं उचलणारी पंधरा वर्षांची मुलगी मी पाहिली आहे. पस्तीस वर्षांनी किल्ली आठवते, भांडं विसरायला होतं. तसंच बरं.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा. रोज पेपर झाला की चिठ्ठी. "मराठी चांगला. निबंध लांबला." "भूमितीत वर्तुळाचाच प्रमेय आला. आकृती काढली." मी वर्गात वाचली आणि मुलांना पाच मिनिटं लवकर सोडलं.

मे महिन्यात लग्नसराई आणि निवडणूक एकदमच. २१ मेला राजीव गांधींची हत्या झाली आणि पुढचं मतदान जूनवर गेलं. निवडणूक म्हटली की शिक्षकांच्या मागे ड्युटी आलीच, त्यामुळे सुट्टी असूनही मन बांधलेलं. त्या मधल्या दिवसांत हे आणि लेक गावी जाऊन राब बघून आले. आमचं मूळ गाव हिरडस मावळात, नीरेच्या काठाला, थोडी भाताची खाचरं. आंबेमोहराचं तांदूळ तिथलंच. धरणाचं तेव्हा नुसतं बोलणं होतं. पुढे नीरा-देवघर धरण झालं आणि खाचरं पाण्यात गेली. त्या पुनर्वसनाचं, जमिनी मिळण्याचं, न मिळण्याचं लिहायचं तर वेगळी वही लागेल. असो.

जूनमध्ये निकाल लागला. लेकीला अडुसष्ट टक्के. भोरमध्ये पहिली-बिहिली आली नाही, आमच्या आळीत मात्र तेवढे कुणाला नव्हते. मी शाळा उघडली म्हणून वेल्ह्याला होते. मला चिठ्ठी आली ती पहिल्यांदाच यांच्या अक्षरात. एकच ओळ, आणि बरोबर कागदात गुंडाळलेले दोन पेढे. तीन ट्रे बदलून आले, त्यातला एक जरा चेपला होता. एक मी खाल्ला, एक मुलाला दिला.

तोवर सासूबाई काठी धरून दारापर्यंत चालायला लागल्या होत्या. पेढा हातात घेऊन त्यांनी नातीला विचारलं म्हणे, "म्हंजी आता आनखी शिकनार तू." ती म्हणाली, हो. "किती?" ती म्हणाली, पाच वर्षं तरी. सासूबाईंनी बोटांवर मोजलं, आणि म्हणाल्या, "मग मला तवर थांबाया लागंल." १९९६ ला ती बी.कॉम. झाली तेव्हा त्या होत्या. लग्नालाही होत्या, पुढच्या वर्षी, मांडवात खुर्चीवर, अक्षता टाकायला.

माझी भोरकडे बदली व्हायला मात्र आणखी तीन वर्षं लागली.